चायना मोबाईलमधल्या फरश्या

आमच्या घराला पुढचं दार नव्हतं. पांढरकवड्याच्या बाहेर, हैदराबादकडे जाणाऱ्या हायवेवर दिगांबरमामाचा ढाबा होता, आणि ढाब्याच्या भट्टीमागच्या दोन खोल्या म्हणजे आमचं घर. बाहेर पडायचं तर भट्टीजवळून, कांद्याच्या पोत्यांना वळसा घालून, बाजांच्या रांगेतून, मग जिथे ट्रक उभे असायचे त्या आवारातून जावं लागे. शाळेत पोचेपर्यंत माझ्या वेणीला लसणाच्या फोडणीचा आणि डिझेलचा वास लागलेला असे, आणि वर्गातल्या पोरी नाकाला रुमाल लावत. मला त्याचं फारसं काही वाटत नसे. नुसत्या हॉर्नवरून गाडी आंध्राची की नागपूरची हे त्या पोरींना ओळखता येत नव्हतं, मला येत होतं. एअरब्रेकचा फुस्स, टायरवर लोखंडी टामी मारून हवा तपासतानाचा ठण्ण, ताडपत्रीचे दोर ओढताना क्लीनर लोकांच्या शिव्या, आणि या सगळ्याच्या खालून आईच्या भाकरी थापण्याची थपथप. आता मी अमरावतीत एका शांत कॉलनीत राहते. पहिले काही महिने तिथल्या शांततेनं माझी झोप उडाली होती, हे नवऱ्याला अजूनही खोटं वाटतं.

आई ढाब्यावर स्वयंपाक करायची. मामा तिचा धाकटा भाऊ. गल्ल्यावर तो, भट्टीवर ती. सकाळी पाटोडीचा रस्सा, दुपारी वरण-भात आणि वांग्याचं भरीत, तुरीला शेंगा आल्या की सोल्यांची भाजी. माणूस हात कसे धुतो यावरून तो भात मागणार की पोळी, हे ती सांगायची आणि सहसा चुकायची नाही. दुपारी गर्दी ओसरली की जवळच्या पोडावरच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीवरच्या, कोलाम बाया सीताफळाच्या टोपल्या घेऊन यायच्या. त्यांच्याशी आई घासाघीस करायची नाही, उलट त्यांना बसवून चहा पाजायची. मामा म्हणायचा, "ताई, तू असाच चहा पाजत राह्यली तं ढाब्याले कुलूप लागंन." कुलूप काही लागलं नाही.

माझे बाबा ड्रायव्हर होते. पांढरकवड्याच्याच एका शेठची गाडी ते चालवायचे आणि तिला स्वतःचीच समजायचे. बाबा सतत रस्त्यावर, म्हणून आई आणि मी मामाच्या सोबतीला राहत होतो. 'सोबतीला' हा शब्द आईचा. तो तिला फार महत्त्वाचा वाटे. मग एके वर्षी संत्री घेऊन हैदराबादकडे जाताना घाटात बाबांच्या गाडीचे ब्रेक गेले. दरीकडे न जाता त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली, ती आडवी झाली, त्यांचं गळपट्टीचं हाड मोडलं, आणि संत्री घाटभर पसरली. माणूस कोणी दगावलं नाही. सगळे म्हणाले, गजाननभाऊचा हात म्हणून वाचला. हाड जुळलं, गाडी दुरुस्त होऊन आली आणि आमच्या आवारात फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली उभी राहिली. बाबा मात्र तिच्यात बसेनात.

रोज सकाळी ते गाडीपाशी जायचे. काच पुसायचे, आरशाला नवा हार घालायचे, पायरीला हात लावून कपाळाला लावायचे. मग परत यायचे आणि म्हणायचे, "आज कमर लयच धरली वं." हाड मोडलं होतं खांद्याजवळचं, आणि दुखत होती कंबर. हे कोणाच्या लक्षात आलं नाही असं नाही, पण ड्रायव्हर माणसाला तोंडावर कोण विचारणार? रात्री त्यांना झोप लागत नसे, दिवसा बसवत नसे. शेठ भला माणूस होता, पण त्याच्याही माणूसपणाला हद्द होती. दिवाळीपर्यंत वाट पाहतो, नाहीतर गाडी दुसऱ्याच्या हाती देतो, असा त्याचा निरोप आला. येणारा-जाणारा प्रत्येक ड्रायव्हर बाबांच्या पाठीवर थाप मारून "चला गजाननभाऊ, एकडाव बसलं का भेव निंघून जाते" म्हणायचा. बाबा हसून म्हणायचे, "भेव कायचं? कमरेनं घोळ केला." आईला काळजी वेगळीच होती. नवरा रस्त्यावर असताना आम्ही भावाच्या सोबतीला होतो, तो घरी बसल्यावर आम्ही भावाच्या आसऱ्याला आलो होतो. खोल्या त्याच, भाकरी त्याच, पण तिनं मान वर करून मामाशी भांडणंच सोडून दिलं, आणि मला ते फार लागलं.

अशा दिवसांत सलीमभाई तो मोबाईल घेऊन आले. सलीमभाई म्हणजे बाबांचे जुने साथीदार, आठवड्यातून एकदा तरी आमच्याकडे जेवायला थांबणारे, आणि आईच्या भरतावर जीव असणारे. हैदराबादच्या कुठल्याशा गल्लीतून त्यांनी एक चायना मोबाईल आणला होता. ज्यांना आठवतो त्यांना आठवतो: विटेएवढा, पाठीला चार स्पीकर, डोक्यावर ओढून लांब करायची अँटेना, आणि रिंग वाजली की भट्टीवरच्या कढया थरथरायच्या. "गजाननभाई, ये रखो," सलीमभाई म्हणाले, "बैठे-बैठे आदमी का दिमाग खराब होता है. इसमें गेम है, गाने है. टाइमपास करो." बाबांनी तो माझ्याकडे दिला. गेमच्या यादीत सगळी अक्षरं चिनी. मी एकेक उघडून पाहिले. एकात माणसं माणसांना गोळ्या घालत होती, एकात मोटारी एकमेकींवर आदळत होत्या, तो मी बाबांच्या नजरेला पडण्याआधी बंद केला. आणि तिसरा उघडला तो हा.

स्क्रीनवर नुसती हिरवी मोकळी जागा. खाली कोपऱ्यात एक चौकोनी फरशी येते. तिच्यावर काहीतरी काढलेलं: शेत, नाहीतर पाणी, नाहीतर दोन-तीन घरं, झाडं, किंवा तपकिरी रस्ता. ती कुठेही ठेवा, अट एवढीच की शेजारच्या फरशीशी कड जुळली पाहिजे. रस्त्याला रस्ता, पाण्याला पाणी. ठेवली की दुसरी येते. पुढची एकच दिसते, तिच्या पुढची नाही. घड्याळ नाही, शत्रू नाही, मरणं नाही. गावाच्या चारही बाजू बंद झाल्या की गाव पिवळं होतं आणि टिंग असा बारीक आवाज येतो. फरश्या संपल्या की गुणांचा आकडा दिसतो, बस्स. त्या गेमचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. आम्ही त्याला फरश्या म्हणायचो. "फरश्या लावून राह्यली" म्हटलं की घरात सगळ्यांना समजायचं.

इतकं साधं काहीतरी माणसाला इतकं का धरून ठेवतं, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे, रिकामपणचा उद्योग म्हणून. मला वाटतं, तो खेळ तुम्हाला एका वेळी एकच गोष्ट विचारतो: ही फरशी, कुठे ठेवू? आणि त्याचं उत्तर तुम्हाला देता येतं. ज्या दिवसांत घरातले, बाहेरचे, शेजारचे सगळे असे प्रश्न विचारत असतात की ज्यांना उत्तर नाही, त्या दिवसांत कोणीतरी झेपेल असा प्रश्न विचारणं ही फार मोठी मेहेरबानी आहे. शिवाय त्याला उत्तराची घाई नाही. चहा प्या, भाकरी खा, परत या, फरशी तिथंच थांबलेली असते. मी माझ्या ओळखीत इतकं सोशिक माणूस पाहिलेलं नाही. मी दोन दिवसांत त्यात तरबेज झाले. गावं छोटी ठेवायची, पटापट बंद करायची, टिंग टिंग टिंग. माझा आकडा बघून मामाही म्हणाला, "पोट्टी हुशार हाये लेकाची."

मग बाबा खेळायला लागले. खरं तर आधी ते नुसते माझ्या खांद्यावरून बघायचे. एक दिवस म्हणाले, "आन इकडं." त्यांच्या जाड बोटाखाली एकदम दोन बटणं दाबली जायची, म्हणून ते अंगठ्याच्या नखानं खेळत. एकेका फरशीला इतका वेळ लावायचे की मी कंटाळून उठून जायची, आणि परत यावं तर फरशी तीच. त्यांचा आकडा लाज वाटावी इतका कमी यायचा. एकदा मी न राहवून म्हटलं, "बाबा, तिथं बंद करा ना ते गाव. पिवळं होते, नंबर भेटतात."

"बंद केलं तं गावातली गाडी बाहेर कशी निंघन वं?"

"त्याच्यात गाडी नाई बाबा. चित्र हाये नुसतं."

"आज नाई. उद्या कोणाले लागंन." त्यांनी ती फरशी उचलून दुसरीकडे नेली आणि गाव उघडंच ठेवलं.

"अन् इथं एवढी जागा काहून सोडली?"

"गाडी फिरवाले. रस्त्याच्या टोकाले लोड गाडी नेऊन पाह्य एखाद दिवशी, मंग समजंन तुले."

अशी त्यांची तऱ्हा. गावातून रस्ता नेत नसत, "लेकरं खेळतात" म्हणून बाहेरून वळवून नेत. रस्ता पाण्याला जाऊन भिडला की पुलाची फरशी येईपर्यंत वाट पाहत, आणि पुलाची फरशी फारच क्वचित यायची. पण सगळ्या फरश्या संपल्यावर पाहावं तर त्यांचा रस्ता स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेलेला असे, कुठे अडलेला नाही, कुठे तुटलेला नाही, जागोजागी गाडी वळवायला मोकळी जागा. माझी पिवळी गावं त्याच्यापुढे डबक्यांसारखी दिसायची. मी तसं बोलले नाही, वयच तसं होतं. पण त्यांचा खेळ संपला की मी मोबाईल हातात घेऊन तो रस्ता बोट फिरवत शेवटपर्यंत पाहायची. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती की फरश्या लावताना बाबांचा श्वास खोल चालायचा. एरवी ते पळून आल्यासारखे श्वास घेत.

आईला हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. "दिवाळी आली तोंडावर," ती भांडी आपटत मला ऐकवायची, म्हणजे त्यांना ऐकवायची, "शेठ वाट पाहून राह्यला, अन् इथं लहान लेकरासारखं चौकटी जोडणं चालू हाये." एक दिवस मोबाईल सापडेना. बाबांनी उशी उचलून पाहिली, बाजेखाली पाहिलं, मला विचारलं. आईला विचारलं नाही. मोबाईल ज्वारीच्या कोठीत खोल खुपसलेला होता. ते मला माहीत होतं, कारण कोठीचं झाकण वाकडं बसलं होतं. दोन-तीन दिवस बाबा नुसते दारात बसून राहिले. मग एका दुपारी आईनं त्यांना ताट वाढलं, भरीत, भाकर, वर कांदा, आणि ती वरण आणायला वळली. परत आली तेव्हा बाबा जेवत नव्हते. ताटाच्या दोन्ही कडा त्यांनी दोन हातांनी घट्ट धरल्या होत्या, स्टेअरिंग धरावं तशा. बोटं पांढरी पडली होती आणि कपाळावरून घाम चालला होता. समोर भिंत होती, पण ते तिच्या पलीकडे कुठेतरी पाहत होते. त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. मी पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसले होते. आई वरणाचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली.

"कमर दुखते का जी?" तिनं शेवटी विचारलं.

बाबांनी ताट सोडलं. "हाव," म्हणाले, आणि भाकर मोडली.

आई आत गेली. कोठीत हात घातल्याचा, ज्वारी सरकल्याचा आवाज आला. तिनं मोबाईल पदरानं पुसला, बटणांत अडकलेले दाणे हेअरपिननं काढले आणि तो त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्या दिवसानंतर तिनं शेठचं नाव घेतलं नाही, आणि एखादा ड्रायव्हर पाठीवर थाप मारायला आला तर ती मधेच त्याला विचारायची, "भात वाढू का पोळी?" बाबांना भीती वाटते हे आता तिला कळलं होतं. तिला कळलं आहे हे बाबांना कळलं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. दोघं त्यावर बोलत नव्हती. बोलायची ती फरश्यांवर. कारण दोन दिवसांनी आई भट्टीवरून हात पुसत आली, त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "दाखवा बरं, काय असते त्याच्यात."

तिचा खेळ तिसऱ्याच तऱ्हेचा निघाला. रस्त्याशी तिला कर्तव्य नव्हतं, पिवळ्या गावाशी नव्हतं. घराची फरशी आली की ती आधी पाणी शोधायची. "पाणी तिकडं अन् घर इकडं? कोन्या माणसानं बनवला हा गेम? त्याले डोक्शावर हंडे आणा लागले नसन कधी." पाण्याच्या काठाकाठानं ती घरं मांडत जायची, मग घरांना लागून झाडं, सरपणाला. तिचा आकडा बाबांपेक्षाही कमी यायचा. दुपारी गर्दी ओसरल्यावर दोघं एका बाजेवर बसायची, एक फरशी बाबांची, एक तिची. वाद व्हायचा. "तुमचा रस्ता माह्या घरावरून नेऊ नका जी." "नाई नेत. पण तुह्या घरचे बाजारात कसे जातीन?" "पायी जातीन." माझ्या जन्मात मी माझ्या आईला हात रिकामे ठेवून बसलेली पहिल्यांदा पाहत होते. ढाब्यावरचे लोक बघतील म्हणून सुरुवातीला ती मांडीवर लसणाची परडी घेऊन बसायची. लसूण तसाच राहायचा.

त्या खेळात हरायची सोयच नव्हती, हे त्याचं मोठेपण. आज माझ्या फोनवर असे कितीतरी खेळ आहेत. षटकोनी फरश्या, वाहणाऱ्या नद्या, पाखरांचे आवाज. रात्रीची भांडी झाली की मी बसते, आणि नवरा म्हणतो, झाली सुरू तुझी पंचायत समिती. बाबा आता थकलेत. नातीच्या टॅबवर तेही खेळतात, आणि ती कपाळाला हात लावते, कारण आजोबा अजूनही एक गाव बंद करत नाहीत. तिला मी काही समजावत नाही. पाहून पाहून समजेल.

तर तुळशीचं लग्न झालं आणि खरी लग्नं सुरू झाली. शेठनं दिलेली मुदत संपली होती, आणि तो त्या आठवड्यात चावी मागायला येणार हे सगळ्यांना माहीत होतं. अशात एका सकाळी पुढच्या पुलावर एक ट्रेलर आडवा झाला आणि हायवे बंद पडला. मागून येणाऱ्या गाड्या काय करतील? दिसेल त्या ढाब्यात घुसल्या. आमचं आवार असं भरलं की दोन ट्रकांमधून कुत्रं जाईना. त्यातच वऱ्हाडाची एक मॅटॅडोर चहाला म्हणून आत शिरली आणि मधोमध अडकली. नवरदेव बाशिंग मांडीवर घेऊन खिडकीत बसला होता. दुपार कलताना रस्ता मोकळा झाल्याची खबर आली आणि सगळ्यांनी एकदम गाड्या सुरू केल्या. प्रत्येकानं हातभर पुढे घेतली आणि सगळं आवार कुलूप लागल्यासारखं बंद झालं. हॉर्न, धूर, आयमायवरून शिव्या. नवरदेवाचा मामा हात जोडत फिरत होता, "गोरज मुहूर्त हाये जी, वणीले पोचा लागते." त्याचं ऐकायला कोणी रिकामं नव्हतं.

बाबा भट्टीजवळ उभे राहून बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी एक बाज ओढून आवाराच्या मधे आणली, तिच्यावर चढले आणि दोन्ही हात वर केले. "इंजन बंद करा सगळे." त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण जुन्या ड्रायव्हरांनी त्यांना ओळखलं आणि बंद केलं, मग बाकीच्यांनीही केलं. "मी सांगन त्यानंच चालू कराची. अय पंजाब, तू आधी. मागं घे, भट्टीकडं. आन दे, आन दे... बस. आता तू, सिमेंटवाला, डावीकडं काट. पुरी काट." एक गाडी हलली, मग तिच्या जागी दुसरी, मग पहिल्यापाशी तिसरी. मधली एक जागा मोकळी झाली तशी चार जण तिच्यात घुसायला निघाले. "मधातली जागा कोणी भराची नाई," बाबा म्हणाले, "ते फिरवाले हाये." एक तापट माणूस खिडकीतून ओरडला तर त्याला म्हणाले, "तू कायले गरम होऊन राह्यला? तुही पाळी हाये. सगळ्यात शेवटी." लोक हसले. मी ढाब्याच्या पायरीवर उभी होते आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता. हा माणूस महिनोन्‌महिने दारात बसून होता, आणि आज एवढ्या गाड्या त्याच्या बोटावर फिरत होत्या.

सगळं मोकळं होत आलं. उरली एक. फाटकाच्या एका अंगाला भरलेला कंटेनर मऊ मातीत रुतला होता, दुसऱ्या अंगाला कडुनिंबाखाली बाबांची गाडी. ती आवारालगतच्या नाल्याच्या काठाकाठानं मागे सरकली तरच मॅटॅडोर आणि तिच्यामागचे सगळे निघणार होते. चावी बाबांच्या खिशात होती. सगळं आवार त्यांच्याकडे बघत होतं. मामा जवळ येऊन म्हणाला, "भाऊजी, चाबी द्या, मी सांगतो कोणाले."

"माही गाडी हाये," बाबा म्हणाले. "मी घेतो."

ते बाजेवरून उतरले. गाडीपाशी गेले, पायरीला हात लावून कपाळाला लावला, आणि या खेपेला वर चढले. दार लागलं. इंजिन सुरू झालं. अडकलेल्या गाड्यांत सलीमभाईही होते, ते मागे जाऊन उभे राहिले. आई पिठाचे हात तसेच घेऊन भट्टीवरून बाहेर आली. गाडी थरथरत होती पण हलत नव्हती. आम्ही सगळे उभे होतो. मग इंजिन बंद झालं, आणि कोणी हॉर्न वाजवला नाही म्हणून बाबांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"माह्याच्यानं होत नाई." खिडकीतून त्यांचा नुसता चेहरा दिसत होता. "कमर नाई दुखत माही. मले भेव वाटते. इथं बसलो का घाट दिसते."

एवढे ड्रायव्हर उभे होते, जन्म रस्त्यावर गेलेले. कोणी हसलं नाही. एकदोघांनी तर खाली मान घातली. मला आता वाटतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी घाट पाहिला असेल. आई पुढे गेली, तिनं दार उघडलं आणि सगळ्यांसमोर, पिठाच्या हातानं, बाबांचा हात धरला. "उतरा जी," म्हणाली. "सावकाश." बाबा उतरले. सलीमभाईंनी त्यांच्या हातातून चावी घेतली आणि रोजचंच बोलावं तसं म्हणाले, "मैं लेता हूँ. तुम पीछे खड़े रहो गजाननभाई, नाला मेरेको दिखता नहीं. तुम बोलोगे उतनाच लूँगा." बाबा गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, आणि गाडीच्या मागच्या फाळक्यावर थाप मारली. "आन दे. आन दे. अजून. बस." चाक नाल्याच्या काठापासून वीतभर अलीकडे थांबलं. मॅटॅडोर निघाली. वऱ्हाडातल्या बाया खिडकीतून आमच्याकडे हात हलवत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाबा मामाच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले आणि चावी शेठच्या हातात स्वतः देऊन आले. पुढे मामानं त्यांना आवाराचं काम दिलं. दिलं कसलं, त्यांनी ते आदल्या दिवशीच घेतलं होतं. आलेली गाडी कुठे लावायची हे बाबा सांगायचे, आणि इतक्या वर्षांत आमच्या आवारात पुन्हा कधी गाडी अडकली नाही. आईनंही मामाशी पहिल्यासारखं भांडायला सुरुवात केली. पण ते नंतरचं. त्या दिवशी चावी देऊन ते परत आले तेव्हा जेवणाची वेळ होती. त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, हात धुतला, मी मोबाईल पुढे केला तर म्हणाले, "तू लाव. मी जरा पडतो." मागच्या खोलीत बाजेवर ते कुशीवर वळले आणि झोपले. भर दुपारी, एवढ्या गोंगाटात. त्यांचं घोरणं मी किती तरी महिन्यांनी ऐकत होते.

आईनं दारातून डोकावून पाहिलं. खात्री करायला जवळ जाऊन पाहिलं. मग ती भट्टी तशीच सोडून बाहेर आवारात गेली. एक पंजाबी ट्रक निघायच्या तयारीत होता, ड्रायव्हरचा हात हॉर्नवर. "हॉर्न वाजवू नका जी," आई त्याला म्हणाली, "घरात माणूस झोपला हाये." त्याला मराठी कळेना. आईनं दोन्ही तळहात जोडून गालाखाली धरले आणि डोळे मिटून दाखवले. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गाडी तशीच हळूहळू फाटकाबाहेर काढली. त्याच्यामागच्याला तिनं तसंच सांगितलं, मग त्याच्या मागच्याला. बाबा उठेपर्यंत ती तिथंच उभी होती, आणि त्या दुपारी आमच्या आवारातून एकही गाडी हॉर्न देऊन गेली नाही.